जास्तीचे थेंब

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आईची नजर कशी गेली, असं मुलीनं विचारलं तेव्हा म्हणालो, "तिच्या नशिबात होतं." नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता.

बायकोला काचबिंदू निघाला. जळगावच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकायला सांगितलं. औषध आयुष्यभर, खंड पडता कामा नये. ते काम मी माझ्याकडे घेतलं, कारण तिच्यावर माझा भरवसा नव्हता.

थेंब टाकला की निम्मा गालावर ओघळायचा. औषध वाया गेलं असं वाटून मी दुसरा टाकायचो. तोही ओघळला की आणखी एक. तिचे डोळे लाल राहू लागले, पापण्यांखालची कातडी काळवंडली. घशात कडू उतरतं, जिना चढताना दम लागतो, असं ती सांगायची. "डोळ्यातल्या औषधानं दम लागतो होय? काम नको म्हण की सरळ," असं मी सगळ्यांसमोर बोलायचो.

आमची रावेरकडची केळी. गावात ठिबक आधी मी बसवलं. मुळांना लागेल तेवढंच पाणी द्या, जास्तीचं जमीन खराब करतं, हे मी लोकांना सांगत फिरायचो. एका सकाळी ओट्यावर पदरानं गाल पुसत ती म्हणाली, "अहो, केयीले ठिबक, अन् माह्या डोयात पाट सोडता का?"

अंगणातले गडी हसले. मला राग आला. तिची हनुवटी धरून मी आणखी एक थेंब टाकला.

पुढे ती म्हणाली, माझं मी टाकत जाईन. मलाही सुटल्यासारखं झालं. ती टाकत नव्हती. जळजळीला आणि माझ्या बोलण्याला कंटाळून तिनं औषधच सोडलं होतं. मला ते कळलं, ती दारात उभ्या ट्रॉलीवर जाऊन आदळली तेव्हा.

मुलगी तिला धुळ्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की बाटलीतून पडणारा एक थेंबसुद्धा डोळ्यात पुरता मावत नाही. त्याहून लहान थेंबानंही काम भागतं असं आता दिसू लागलंय. जास्तीचं औषध नाकावाटे घशात उतरतं, रक्तात मिसळतं. तिच्या औषधानं काहींची नाडी मंदावते, दम लागतो. त्यांनी औषध बदललं, थेंबानंतर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दाबून धरायला शिकवलं. जळजळ कमी झाली. गेलेली नजर मात्र परत येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

त्यानंतर ती मुलीकडेच राहिली. दर वेळी तिला भेटायला धुळ्याला जाताना काय बोलायचं ते मी एस.टी.त ठरवून ठेवायचो. ती माझ्या पावलांवरून ओळखायची. "आले का? चहा घ्या." मी खुर्चीत बसायचो, आणि तोंडातून निघायचं, "औषध टाकलं का वेळेवर?"

"टाकलं," म्हणून ती भिंतीकडे तोंड वळवायची.

गेल्या वर्षी ती गेली. तू खरं सांगत होतीस, मी ऐकलं नाही, माझं चुकलं. एवढं तिच्यासमोर बोलणं मला जमलं नाही.