सोळा घरांचं कडं

बाजारात त्याला सगळे कोरक्या म्हणत. दारावरच्या पाट्या, शाळांच्या ढाली, चषकांवरची नावं, सगळं त्याच्या हातचं. कोरावं तर त्यानंच. हिशेब मात्र बायकोनं करावा, कारण गणिताशी त्याचा छत्तीसचा आकडा. आणि थोरली बहीण नेमकी गणिताची शिक्षिका.

"अरे, आकडे काय चावतात का?" ताई विचारायची.

"तुला नसतील चावत," तो म्हणायचा.

आज ताई निवृत्त होणार होती. संध्याकाळी शाळेत निरोप होता, आणि तिला तिच्या लाडक्या संख्येचं पितळी कडं द्यायचं, हे त्यानं कधीपासून मनात धरलं होतं. ती संख्या ताईनंच एकदा सांगितलेली. एकाला सतरानं भागत जा. दशांशचिन्हापुढे सोळा अंक येतात आणि मग तेच पुन्हा सुरू होतात. त्या सोळा अंकांना दोनानं गुणा, तीनानं गुणा, सोळापर्यंत कशानंही गुणा. उत्तरात तेच अंक, त्याच क्रमानं; फक्त सुरुवात वेगळीकडून. "फेर धरलेल्या पोरांसारखे," ताई म्हणायची, "कुणाचाच हात सुटत नाही."

फेर म्हटल्यावर कडंच हवं. त्यानं कड्याचे निम्मे, निम्म्याचे निम्मे करत सोळा घरं पाडली आणि भागाकारही स्वतःच केला. पहिला अंक शून्य आला. तो त्यानं सवयीनं गाळला. ढालीवरच्या तारखेत कुणी ०५ लिहून आणलं, तरी तो नुसता ५ कोरायचा. आधीच्या शून्याला किंमत नाही, पितळेला आहे, हा त्याचा धंद्यातला नियम. त्यानं ५८८२३५२९४११७६४७ कोरलं. एक घर उरलं, तिथे वाचायला कुठून लागायचं ते कळावं म्हणून मधोमध टिंब दिलं.

"बघू तरी, खरंच फेर धरतात का," बायको म्हणाली. एवढी संख्या कॅल्क्युलेटरमध्ये मावेना, तेव्हा तिनं कागदावरच दुप्पट केली: ११७६४७०५८८२३५२९४. तो कडं फिरवत वाचू लागला.

"एक, एक, सात, सहा, चार, सात, मग टिंब."

"टिंब कुठलं? इथे शून्य आहे."

"मग तुझं चुकलं."

"अहो, दुप्पट करायला चुकेन मी?" तिनं तिप्पटही करून दाखवली. तिथेही सात आणि पाच यांच्या मधोमध शून्य ठाण मांडून बसलेलं.

त्यानं कपाळाला हात लावला. दुसरं कडं नव्हतं, आणि ताईचं बोट पहिलं तिथेच जाणार. आयुष्यात एकदा गणित करायला गेला आणि तेही तिच्याच संख्येचं वाटोळं केलं.

कडं हातात फिरवता फिरवता तो थबकला. टिंबाच्या बरोबर समोर नऊ होता. शेजारच्या पाचासमोर चार. आठासमोर एक. दोनासमोर सात.

"समोरासमोरची बेरीज बघ. दरवेळी नऊ," तो म्हणाला. "मग या नवासमोर कोण हवं?"

"शून्य. आणखी कोण?" ती म्हणाली. "एवढंच घर राहिलंय, द्या त्याला."

त्यानं टिंबाभोवती गोल कोरला.

संध्याकाळी कार्यक्रम संपल्यावर, रिकाम्या वर्गात ताईनं कडं हातात घेतलं. बोट सरकत सरकत गेलं आणि व्हायचं तेच झालं, शून्यापाशी थांबलं.

"याच्या पोटात टिंब कसलं?"

"सुरुवात दाखवायला दिलेलं."

"अरे, याला सुरुवात कुठली?"

"ते उशिरा कळलं. म्हणून तर कोंडलं त्याला."

ताई हसली आणि कडं पुन्हा एकदा फिरवू लागली. त्याच्या मनात मात्र सकाळपासून काहीतरी वळवळत होतं.

"ताई, सोळापर्यंत हात सुटत नाही म्हणालीस. सतरानं गुणलं तर?"

तिनं त्याच्या हातात खडू दिला. "चावत नाही. कर."

तो फळ्यापाशी गेला. सात सत्ते एकशे एकोणीस म्हणून अडखळला, मग हसून सतरा सत्ते म्हणाला. नऊ लिहिला, हातचे अकरा. पुढे पुन्हा नऊ. त्यापुढेही नऊच. त्यानं मागे वळून पाहिलं. ताई बाकावर बसून कडं फिरवत होती. तो परत फळ्याकडे वळला, कारण अजून बरेच अंक राहिले होते.