पत्र्याखालची गाडी

गारखेड्यात आमच्या गल्लीत कुणाला छप्पर बदलायचं असलं की एकाच पत्रेवाल्याला बोलावतात. वर चढला की छप्पर वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेले दगड तो आधी खाली फेकतो. दगडांचा त्याला मनापासून राग आहे.

या उन्हाळ्यात मागच्या माळावरचं गवत पेटलं. वाऱ्यानं आलेल्या ठिणग्यांनी आमच्या अंगणावरचं बांबूच्या तट्ट्यांचं छप्पर जळालं. तिथं त्यानं पत्रे बसवले. मी टेपनं बोल्टांमधलं अंतर तपासत होतो.

"मोजा साहेब, मोजा. पण वारा काय टेप घेऊन येत नाय," तो वरून म्हणाला.

दगड परत ठेवा, असा बायकोचा आग्रह होता. "नाय भाभी. छत वजनानं नाय, बोल्ट कसल्यानं टिकतं. दगड उडाला तर कुणाचं तरी डोकं फुटंल."

संध्याकाळी वावटळ उठली. पत्रा उडेल म्हणून गल्लीतले लोक नेहमीप्रमाणे छपराखालच्या गाड्या बाहेर काढू लागले. मीही माझ्या स्कूटरची किल्ली घेतली. तो मात्र रस्त्यावरची आपली नवी मोटारसायकल ढकलत आत आला, ती नेमकी पत्र्याखाली लावली आणि तिच्यावरच बसला.

"भाभी, चाय टाका. लई धूळ हाय भायेर."

मी किल्ली खिशात ठेवली आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो.