हवालदारबाईंचा जबाब

हवालदारबाईंचा सलाम साहेबांना झोंबायचा. हात नियमाप्रमाणे कपाळाशी जायचा, टाचा जुळायच्या, तरीही सलाम घेणारा साहेब आपल्या गणवेशाचं बटण तुटलंय की काय म्हणून खाली बघायचा. त्या सलामाविरुद्ध तक्रार करता येत नव्हती, हेच साहेबांचं दुखणं.

जिल्ह्याच्या तुरुंगात मी शिपाई म्हणून लागले, तेव्हा दिवसपाळीला महिला बराकीवर आम्ही दोघीच होतो. बाई पालीकडच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. बारा-बारा तास उभं राहून गुडघे गेलेले. त्यांनी बराकीसाठी एक खुर्ची मागितली, तर कार्यालयाचं उत्तर आलं, 'मागणी विचाराधीन आहे.' बाईंनी कागद मला वाचायला लावला आणि म्हणाल्या, "विचार कराया त्यांना खुर्च्या हायेत ना गो. बसलेत करत."

आई वारली तेव्हा त्यांच्या रजेच्या अर्जावर 'मनुष्यबळ अपुरे' असा शेरा पडला. रजा मिळाली ती दहाव्याला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही बराकीच्या चाव्या मोजताना.

आणि अशा तुरुंगात गेल्या उन्हाळ्यात ताणमुक्ती शिबिर भरलं! मुंबईहून वरिष्ठ येणार, फोटो निघणार. सभागृह रिकामं दिसू नये म्हणून जादा पाळीची सगळी माणसं आणून सतरंजीवर बसवली. पहाऱ्याच्या मनोऱ्यावर शिपाई म्हात्रे होता, आदल्या पाळीपासून तिथेच. त्याला ताप होता. बाई सकाळी माझ्यादेखत अधीक्षकांना म्हणाल्या, "साहेब, म्हात्रेला खाली घ्या. बदली माणूस द्या." साहेब म्हणाले, "शिबिर संपू दे." आत सगळे डोळे मिटून श्वास मोजत होते.

दुपारी म्हात्रे पाणी प्यायला उतरू लागला आणि शिडीवरून कोसळला. आमच्या अंगणातून आम्हा दोघींना स्पष्ट दिसलं. मांडीचं हाड मोडलं. तो इस्पितळात पोचतो न पोचतो तोच इकडे कागद तयार: 'कर्तव्यावर झोप लागून पडला.' निलंबनाचा आदेश काढायला मात्र मनुष्यबळ पुरेसं होतं.

चौकशीत आधी मला बोलावलं. मी नोकरीत अजून कायम झाले नव्हते. "मी पाठमोरी होते, काही दिसलं नाही," असं सांगून मी सही केली. साहेब प्रसन्न हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते. माझ्या सहीची त्याहून जास्त.

मग बाई गेल्या. मी दाराबाहेर होते.

"झोपला होता असं लिहा," आतून साहेबांचा आवाज आला.

"झोपल्याला तहान लागून तो शिडी उतरंल व्हय साहेब? त्याला ताप हाय ते सकाळी मी तुमाला सांगितलं, आणि तुमी शिबिर संपू दे म्हणालात. तेवढं लिवा, मग सही करते."

त्यांच्या हट्टापायी ते लिहिलं गेलं, कागद वर मुंबईला गेला आणि निलंबन उठलं. म्हात्रे कामावर परत आला. अधीक्षकांची बदली झाली, अर्थात घराजवळ. बाईंची झाली विदर्भात, निवृत्तीला आठ महिने उरले असताना.

एसटी स्टँडवर मी त्यांची पिशवी घेऊन उभी होते. माफी मागायची होती, पण रडूच आलं. बाई म्हणाल्या, "माझ्याफुडं कशाला रडतेस? त्याच्या घरी जा."

म्हात्रे नागावला राहतो. मी आठवडा काढला, मग गेले. तो कामावर होता. त्याच्या बायकोने मला ओसरीवर बसवलं, चहा ठेवला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "तुमीच ना त्या, आमच्यासाठी जबाब देणाऱ्या?"

हो म्हटलं असतं तरी तिला खरं काय ते कुणी सांगायला येणार नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "मला सगळं दिसलं होतं. पण मी दिसलं नाही असं लिहून दिलं."

ती उठली. मग आत गेली आणि चहाचा गॅस बंद केल्याचा आवाज आला.