वादी : मोहडी नदी

पंचफुलाबाईचं नाव मी दाव्यातून माझ्याच हाताने खोडलं आणि तिथे नदीचं नाव लिहिलं. तीस वर्षांच्या वकिलीतला हा माझा सर्वांत सुवाच्य मूर्खपणा.

केस साधी होती. नेरजवळ मोहडीच्या पात्रात बाईची डांगरवाडी होती, म्हणजे उन्हाळ्यात वाळूत लावलेली टरबुजं-डांगरं. तहसीलची परवानगी तिच्याजवळ होती. कापसाने ओळीने दगा दिला त्या वर्षांत गावातले ट्रॅक्टर रेतीकडे वळले. लिलावाची हद्द ओलांडून ठेकेदार उपसत उपसत वाडीच्या कडेला आला. बाईला मनाई हुकूम हवा होता. म्हणजे कोर्टाने त्याला 'थांब' म्हणायचं. एवढंच.

त्याच आठवड्यात पेपरात आलं, उत्तरेकडच्या एका हायकोर्टाने नद्यांना जिवंत व्यक्ती ठरवलं. झालं, माझ्या अंगात आलं. याच पात्रात लहानपणी आम्ही हाताने वाळू उकरून झिरा काढायचो. कोपरभर खड्डा केला की तळाशी पाणी जमायचं. गार. आधी गढूळ, मग इतकं नितळ की आपलाच चेहरा प्यावा. तसं पाणी मी पुन्हा कुठे प्यालो नाही. नदीच्या वतीने उभं राहिलो तर ते परत येईल, असं काहीतरी मला वाटलं असावं.

दाव्यात वादीचं वय, धंदा लिहावा लागतो. मी लिहिलं : वय सज्ञान, धंदा वाहणे.

मुन्शी म्हणाला, "साहेब, जानेवारीनंतर तं ते वाहतच नाही."

मी त्याला गप्प केलं.

कोर्टात न्यायाधीश मॅडमनी वकीलपत्र उलटून पाहिलं. अशिलाने वकिलाला सही करून दिलेला अधिकार म्हणजे वकीलपत्र.

"वादीची सही?"

"मॅडम, वादी नदी आहे."

"मग तुम्हाला नेमलं कोणी?"

ठेकेदाराचा वकील, माझाच एकेकाळचा ज्युनिअर, हसू दाबत उठला. "मॅडम, तो निकाल दुसऱ्या राज्यातला. अन् देव वादी असला तरी त्याच्यासाठी सही करणारा माणूस लागतो. सरांनीच शिकवलंय मला."

बाईला वादी करण्याची दुरुस्ती, मग नोटीस, मग कोर्टाच्या सुट्ट्या. शेवटी हुकूम मिळाला : 'जैसे थे'. म्हणजे जागा आज आहे तशी ठेवावी.

हुकूम घेऊन बाईबरोबर पात्रात गेलो. ठेकेदार केव्हाच पुढच्या गावी गेला होता. वेल नव्हते, वाळूही नव्हती. खाली भेगाळलेली काळी माती. मी सवयीने वाकून उकरायला गेलो, तर नख तुटलं. त्या भेगांना आता कायद्याचं पूर्ण संरक्षण होतं.

वकिलाने अशील मोठं शोधू नये, समोर बसलेलं पाहावं. हे मला तिथे कळलं.

"बाई, नदीसाठीच केलं हो मी," मी म्हणालो.

तिने पदराने तोंड पुसलं.

"नदी मुकी हाय, वकीलसाहेब. मी कुठं मुकी होती?"