तपकिरी कोटाचा प्रश्न

माझी भाची म्हणजे मिठाची गुळणी. तिला तोंड उघडायचं तर आधी घरात ठराव पास करावा लागतो. आणि आत्या मिळाली ती मी! देवानं जोडी मात्र झकास लावली.

तर आमच्या या गुळणीला कापडाचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात जायचं होतं. मार्क मिळतीलच, त्याची काळजी नव्हती. पण जागा मोजक्या आणि प्रवेश मुलाखतीवर. म्हणजे बोलण्यावर! दुसरं एखादं बघू म्हटलं की बाईसाहेब नुसती मान हलवायच्या. हेच हवं.

तिच्या बापाची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, लॉन्ड्री आहे. पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं टेबल, आणि वाफेनं पोपडे धरलेल्या भिंती. शाळा सुटली की पोर काउंटरवर. लॉन्ड्रीत माणसांना नावं नसतात, कपडे असतात.

"बाबा, निळा ब्लेझर आलाय. भडकलाय."

"बटण लावतोय म्हणावं. आणि तो पांढरा गाऊन कधी नेणारेत?"

"गाऊनचं लग्न मोडलं, बाबा."

संध्याकाळभर हेच.

तयारी करून घ्यायला मीच बसले. इस्त्रीच्या टेबलामागे खुर्ची टाकली आणि भावाचा चष्मा नाकावर चढवला.

"हं, आमच्याच कॉलेजात का यायचंय तुम्हाला?"

"मला लहानपणापासूनच या क्षेत्राची आवड..."

"कुणी लिहून दिलं हे?"

"तूच, आत्या."

"छानच लिहिलंय. पण सांगतेस अशी, की कुणी गेल्याची बातमी द्यायला आलीयेस."

भाऊ इस्त्री फिरवत म्हणाला, "ताई, तिला बोलू दे की मधे. दोघींचं तूच बोलतेयस."

"मग मीच जाऊ मुलाखतीला?"

"जा. घर तरी शांत होईल."

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते. पोर बाहेर आली ती तोंड पाडूनच.

"माती खाल्ली, आत्या."

हळूहळू एकेक शब्द उपसून काढला. आत तिघं होते. पाठ केलेलं पहिलं वाक्य संपलं नि दोघांनी एकदमच प्रश्न टाकले. ही गडबडली आणि म्हणाली, "आधी तपकिरी कोटाला उत्तर देते, मग हिरव्या स्कार्फकडे येते."

"तोंडावर म्हणालीस?"

"सवयीनं निघून गेलं गं! स्कार्फ तर हसायलाच लागला. कोट म्हणाला, मग या कोटाबद्दलच सांगा काहीतरी."

"आणि तू सांगितलंस?"

"म्हटलं, अस्तर ओढलंय, म्हणून खालची कड वळलीये. आमच्याकडे असे कोट येतात. बाहेरचं कापड जसंच्या तसं, आणि अस्तर तेवढं आखडतं. त्यांनी विचारलं, का आखडतं? म्हटलं, मला माहीत नाही. बाबांनाही नाही. ते कळावं म्हणून तर आलेय."

"मग?"

"मग कोटानं कोट काढून टेबलावर पसरला. आम्ही सगळे वाकून बघत बसलो. वेळ संपली. ध्येयबिय कुणी विचारलंच नाही. गेली माझी जागा!"

मला हसू आवरेना. घरी पोचेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. म्हणजे नेहमीसारखीच म्हणा.

पुढे एका दुपारी दुकानातला फोन वाजला. भावानं तो खांदा आणि कानाच्या मधे धरला. हात इस्त्रीवरच.

"हो, बोला... घेतलंय? पावतीशिवाय कसं घेतलंत?... कुणाला?... माझ्या मुलीला?"

त्यानं इस्त्री उभी केली. मग बटण बंद केलं. फोन ठेवला तरी हात फोनवरच.

"बाबा, कोण होतं?"

"कॉलेज," तो म्हणाला. "घेतलं गं तुला."

पोरीनं काउंटरखाली बसकण मारली आणि ढसाढसा रडली. तिचा एवढा मोठा आवाज आम्ही तिच्या जन्मानंतर पहिल्यांदाच ऐकला. मी तिच्या शेजारी बसले नि तिच्यापेक्षा मोठ्यानं रडले. माझा आवाज कुणाच्या खाली जात नाही.

तेवढ्यात भावानं नाक पुसलं आणि रिकाम्या काउंटरकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"माझ्याकडे बघू नकोस हं," मी म्हटलं.

आता काउंटरवर मी असते. गिऱ्हाइकं हल्ली कपडे घेतात नि पळतात म्हणे. गर्दी होत नाही. भाऊ म्हणतो, धंद्याला बरंच आहे.