फेज बदलताना नेमकं काय होतं?

हसायचं तर हसा, पण आधी तो कप खाली ठेवा. सांडाल!

परदेशात द्रव-स्फटिकांच्या मिश्रणांवर पीएचडी करून मी नालासोपाऱ्यात परत आले, ती एकाच ध्यासाने: विज्ञान आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगायचं! आईचा ध्यास वेगळा. "आधी नोकरी बघ."

शेवटी पैज लागली. रविवारी सोसायटीत माझं व्याख्यान. दहा माणसं आली, तर आई नोकरीचं नाव काढणार नाही. नाही आली, तर मी मुकाट्याने अर्ज पाठवायचे.

सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं: 'फेज बदलताना नेमकं काय होतं? प्रात्यक्षिकासह.' 'फेज'साठी पुस्तकातला 'प्रावस्था' हा शब्द लिहिला असता तर कुत्रंही फिरकलं नसतं. काय हुशार मी!

दुपारपासून माझ्या येरझाऱ्या. खुर्च्या मांडल्या, मोजल्या, परत सरळ केल्या. कोण येणार? आणि बघते तर काय, अख्खी बी विंग खाली! लोक उभे! मी आईकडे असं बघितलं म्हणता...

"द्रव-स्फटिक म्हणजे ना धड घन, ना धड द्रव..."

"ते राहू दे गं," चेअरमन सावंतकाका म्हणाले. "फेज आपोआप बदलतो, की कोणाला तरी बदलावा लागतो?"

काय प्रश्न! "आपोआप, काका! तापमान वाढलं की झालं."

"बघा! उन्हाळ्यातच होतं हे!" पाटकरवहिनी उसळल्या. "आणि दोन फेज एकत्र आले तर?"

माझ्या अंगावर काटा! "मिश्रणात तीच तर गंमत, वहिनी! दोन्ही सुखाने एकत्र नांदतात."

"जाळ नाही होत?"

"छे! हात लावून बघा ना!" मी उष्णतेने रंग बदलणारी द्रव-स्फटिकांची पट्टी पुढे केली. पहिली रांग दोन पावलं मागे.

"अहो, मी रोज लावते. उघड्या हाताने!"

"पोरगी डेरिंगबाज हां," सावंतकाका आईला म्हणाले.

तेवढ्यात पंखे थांबले.

"गेला परत बी विंगचा फेज!" काकांनी मीटर रूमची किल्ली माझ्या हातात ठेवली. "चल, दाखव प्रात्यक्षिक. पंप बंद पडला की टाकी रिकामी. वायरमन कधी फोन उचलत नाही."

"काका... माझा फेज वेगळा."

"वेगळा म्हणजे? ए विंगचा?"

माझा फेज पदार्थाचा, विजेचा नव्हे, हे मी कसंबसं सांगितलं. काकांनी किल्ली हळूच परत घेतली. "म्हणजे फेजमध्ये पीएचडी, आणि फेज बदलता येत नाही?"

पैज मात्र आईने मानली. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर एक कागद समोर सरकवला.

"नोकरीचं नाव नाही काढत. आयटीआयला वायरमनचा कोर्स आहे, तेवढा फॉर्म भर."