कागदावरची आजारी आई

पावतीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते छापखान्यातल्या कामगारांनी ठेवलेलं. छापखान्याच्या सामानाच्या कोठीवर सत्तावीस वर्षं बसून त्यांनी ते कमावलं होतं. कुणी नवा झाडू मागायला आला की हे जुना मागवून घेणार, खिडकीतून बाहेर काढून उजेडात फिरवून बघणार आणि म्हणणार, "याच्या काड्या अजून शाबूत आहेत. टोकं तेवढी कापून घे." पेनाची रिकामी कांडी दाखवल्याशिवाय नवी नाही, आणि नवी मिळाली की तीन ठिकाणी सही. घरीसुद्धा तेच. बायको म्हणायची, "चार दिवस माहेरी जायचं तर तुमच्याकडून माझी पोच घेऊन निघावं लागेल."

असा माणूस आपला वर्षाचा कराचा रिटर्न दुसऱ्याला कशाला भरू देईल? दरवर्षी स्वतःच भरायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरायचे, त्या दिवशी घरातल्यांनी उभ्याने जेवायचं. सरकारचं एका दमडीने चुकवायचं नाही, आणि एक दमडी जास्त द्यायचीही नाही.

पण त्या साली पार्सल खात्यातला कारकून पेढे वाटावेत तशा चेहऱ्याने कोठीच्या खिडकीशी आला. हा तो, ज्याला आपल्या शर्टाची बटणं नीट लावता येत नाहीत. "मला सरकारकडून पैसे परत आले," म्हणाला. "माणूस लावला ना यंदा. रिफंडवाला. तुम्ही अजून स्वतःच भरता?"

तो 'अजून' पावतीरावांच्या जिव्हारी लागला. संध्याकाळी घरी आले ते थेट पानावर न बसता म्हणाले, "सत्तावीस वर्षं मी सरकारला फुकट पोसलं."

बायको म्हणाली, "आधी हात धुवा."

रिफंडवाल्याची खोली झेरॉक्सच्या दुकानावर होती. खालच्या यंत्राची धडधड वर टेबलापर्यंत यायची, त्यामुळे तिथे ठेवलेला पाण्याचा पेला सारखा थरथरत असे. माणूस तुकतुकीत, बोटं भराभर चालणारी. फी विचारली तर म्हणाला, "माझी फी तुमच्या खिशातून नाहीच. जेवढे परत येतील त्यातला चौथा हिस्सा. नाही आले तर मी उपाशी."

पावतीरावांना हे फार आवडलं. आपल्या खिशातून जायचं नाही म्हटल्यावर ते कुणाचंही ऐकायला तयार असत.

रिफंडवाल्याने एकेक विचारायला सुरुवात केली. कर्ज आहे? नाही. दानधर्म? पावतीराव नुसते हसले. मुलांची फी? मुलगा नोकरीला लागला. रिफंडवाल्याचा चेहरा पडत चालला. शेवटी म्हणाला, "काका, तुमच्याकडे तर काहीच नाही. आई-वडील? म्हाताऱ्या आई-बापाच्या औषधपाण्याला खर्च केला तर सरकार मोठी सूट देतं."

"वडील मी लहान असतानाच गेले. आईला जाऊन सात वर्षं झाली."

"आजारी होत्या?"

"चार वर्षं अंथरुणावर होती."

"खर्च कुणी केला?"

आता इथे खरं बोलायला किती वेळ लागतो? आई धाकट्या बहिणीकडे होती, बहिणीने गणवेश शिवून शिवून तिची औषधं आणली, हे एका वाक्यात सांगून होतं. पण गेली सात वर्षं पावतीराव चारचौघांत एकच सांगत आले होते. तेच तोंडातून आलं. "कुणी म्हणजे? मीच. मुलगा आहे मी."

"मग झालं की," रिफंडवाला म्हणाला. "खर्च खरा, आजार खरा, आई खरी. साल तेवढं अलीकडे आणायचं. यंत्राला काय कळतंय आई आहे का गेली? तुम्ही कळवलं होतं का कधी सरकारला?"

"मी कशाला कळवू?"

"तेच तर. म्हणजे त्यांच्या लेखी त्या आहेतच." आणि त्याची बोटं पुढे धावली. वय, आजार, खर्च. डॉक्टरचं नावसुद्धा त्यानेच घातलं. ज्या माणसाने झाडूच्या काड्या मोजल्या, त्याने एकही पावती न बघता खाली सही ठोकली.

दोन महिन्यांत पैसे आले. चौथा हिस्सा रिफंडवाल्याला गेला, उरलेल्यांतून पावतीरावांनी मागे रेलता येणारी, पाय वर उचलणारी खुर्ची आणली. रोज संध्याकाळी तिच्यात आडवे होऊन बायकोला सांगायचे, "डोकं लागतं याला." बायको खुर्चीखालून केर काढताना म्हणायची, "डोक्यासाठी नाही, ती पायांसाठी आहे. दुकानदार म्हणाला ना."

सुख पाच महिने टिकलं. मग कर कार्यालयाचं पत्र आलं. साधं, कोरडं, शिक्का मारलेलं. आईच्या उपचाराच्या मूळ पावत्या घेऊन तीन आठवड्यांत समक्ष या. पुरावा नसेल तर सूट रद्द, वर दुप्पट दंड, आणि मुद्दाम खोटं लिहिल्याचं दिसलं तर तुम्ही जिथे काम करता तिथे कळवलं जाईल.

दंड त्यांनी बोटांवर मोजून पाहिला, पण त्या शेवटच्या ओळीने तोंडचं पाणी पळालं. कोठी म्हणजे विश्वासाची जागा. तिथे 'खोटं' हा शब्द पोचला की सत्तावीस वर्षांचं नाव एका दुपारी जाणार, आणि पार्सल खात्यातला कारकून ते बघायला पुढे उभा असणार.

रिफंडवाला मात्र थंड. "जुन्या पावत्या आणा. तारखा तोवर पुसटच झालेल्या असतात. जाडजूड पुडकं समोर टाकलं की कुणी उलगडून बघत नाही. मी येतो ना बरोबर."

पावत्या होत्या बहिणीकडे. तिच्याकडे जायचं म्हणजे पावतीरावांना डोंगर चढण्यासारखं. आईला भेटायलासुद्धा ते महिन्यातून एकदा जायचे, पाच केळी घेऊन, आणि त्यातलं एक तिथेच खाऊन यायचे.

बहीण शिलाई मशीनवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ये दादा. वाट चुकलास?"

"आईच्या औषधांच्या पावत्या असतील ना गं तुझ्याकडे?"

मशीन थांबलं. "असतील म्हणजे? तूच सांगितलं होतंस ना, सगळ्या जपून ठेव, शेवटी निम्मे निम्मे करू. सात वर्षं झाली, तो शेवट कधी येतो बघत बसलेय."

"आता कामासाठी हव्यात."

"तू कामाशिवाय माझी कडी वाजवत नाहीस, ते माहीत आहे. कसलं काम?"

आढेवेढे घेत घेत पावतीरावांनी सगळं सांगितलं. बहिणीने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे आई गेल्या वर्षी आजारी होती."

"हळू बोल. शेजारणी ऐकतील."

"ऐकू देत. तिच्या चादरी धुवायला त्याच यायच्या माझ्याबरोबर. आणि पैसे तू खर्च केलेस. किती केलेस रे? जरा आकडा तरी कळू दे."

पावतीरावांनी खालमानेने आकडा सांगितला.

"बाई गं," ती म्हणाली. "जिवंत होती तेव्हा एवढी हौस केली असतीस तर बिचारीला वरची खोली भाड्याने मिळाली असती, उजेडाची." ती उठली, कपाटातून दोऱ्याने बांधलेलं पुडकं काढलं आणि मांडीवर ठेवलं. "निम्मे टाक, पुडकं ने."

पावतीरावांनी घासाघीस केली नाही असं कसं होईल? "त्यातली काही औषधं तू उगाच महागाची आणली होतीस," म्हणाले. बहिणीने पुडकं परत कपाटात ठेवायला उचललं. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन, ठेव मोडून त्यांनी पैसे आणले. तिने ते दोनदा मोजले आणि पुडकं हातात देताना सांगितलं, "दोरा सोडू नकोस. क्रमाने लावलंय मी सगळं."

दोरा सोडला नाही. कोठीत खिळ्यांचं पाकीटही मोजून घेणाऱ्या माणसाला त्या पुडक्याकडे बघवत नव्हतं.

कर कार्यालयाच्या जिन्यात रिफंडवाला मोबाईल कानाला लावून म्हणाला, "व्हा पुढे, आलोच." तो त्यानंतर त्यांना दिसला नाही.

आत एक मध्यमवयीन बाई होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज अजिबात न चढणारा. त्यांनी पुडकं घेतलं, दोरा सोडला आणि सगळ्या पावत्या उलगडून बघायला लागल्या. त्यांचं कामच ते. एकेक कागद उजेडात धरायचा, पालथा करायचा, डावीकडे ठेवायचा. पावतीरावांना आपण खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे आहोत असं सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

"तारखा सात ते अकरा वर्षांपूर्वीच्या आहेत."

"पुसट झाल्यात."

"पुसट नाहीत. आणि पैसे देणाऱ्याचं नाव बाईमाणसाचं आहे."

"बहीण माझी."

बाई शेवटच्या कागदावर आल्या. तो त्यांनी बराच वेळ बघितला, मग टेबलावर पावतीरावांकडे फिरवून ठेवला. "ही शववाहिकेची पावती आहे. हाही औषधोपचारच का?"

बहिणीने क्रमाने लावलं होतं, ते खरंच होतं.

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "तुम्ही आपणहून खरं लिहून दिलंत तर दंड भरून विषय इथेच मिटतो. कामाच्या ठिकाणी पत्र जाणार नाही. नाही लिहिलंत तर जाईल. आई कोणत्या तारखेला गेल्या, उपचारांचा खर्च कुणी केला, दोन ओळी पुरेत. फक्त या वाहनाच्या पावतीवर तारीख पाण्याने गेलीय, तेव्हा तारीख तुम्ही लिहा."

दुसरी ओळ लिहायला जड गेली, पण लिहिली: खर्च माझ्या बहिणीने केला. पहिली ओळ तशीच राहिली. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. वर्ष आठवलं. महिना बहुतेक आठवला. तारीख काही केल्या येईना.

"आठवत नाही?" बाईंनी विचारलं.

"घरी विचारतो एकदा."

फोन लावला. पलीकडे मशीन चालू होतं.

"मी दादा. आई गेली ती तारीख सांग जरा."

मशीन थांबलं. मग बहिणीने तारीख सांगितली, वार सांगितला, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती तेही सांगितलं. पावतीरावांनी खांद्याने फोन कानाशी दाबून धरला आणि लिहून घेतलं.

"तू त्या दिवशी कोठीत माल मोजत होतास," ती म्हणाली. "निरोप दोनदा पाठवला होता. तेही लिहायचंय का?"

पावतीरावांनी समोरच्या बाईंकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले. "तेवढं विचारलेलं नाही."

"मग सुटलास," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.